लेकरांसाठी म्हणजे नेमके कोणासाठी?



या खेपेच्या टपालात एक पत्र वहीच्या पानावर लिहिलेले निघाले. समासाची लाल रेघ तशीच, अक्षर शाळकरी पण सुबक. लिहिणाऱ्या भगिनीने गावाचे नाव छापू नका असे बजावले आहे, म्हणून देत नाही. कोरडवाहू सहा एकर, विहिरीला पाणी संक्रांतीपर्यंत. लग्नाला चौदा वर्षे झाली. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही. पण गेली तीन वर्षे नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत. नणंदेच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जावरून सुरू झाले, पुढे कशावरून वाढले हे आता दोघांनाही सांगता येणार नाही. जेवणवेळी ती मुलीला सांगते, "तुझ्या बापाला म्हणावं, ताट वाढलंय." तो मुलीला सांगतो, "तुझ्या आईला विचार, खताचे पैसे कुठं ठेवलेत." शेवटी ही भगिनी लिहिते, "सगळे म्हणतात, पोरांकडं बघून दिवस काढ. मी पोरांकडंच बघते आहे, म्हणून तर विचारते. राहू का जाऊ?" आणि अगदी खाली एक ओळ आहे, "मला लिहायची सवय नाही. अक्षर मुलीचं आहे."

पंधरा दिवस मी उत्तर लिहिले नाही. कारण सगळे देतात तेच उत्तर माझ्याही तोंडावर आले होते. पोरांकडे बघा आणि दिवस काढा. आपल्या आयाआज्यांनी हेच केले, आणि त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यांच्या वेळी बाईला जायला जागाच नव्हती. माहेरी भाऊ असे, पण भावजयही असे. पोर बापाच्या कुळाचे, म्हणजे जायचे तर त्याला मागे ठेवून जायचे.

पण एक गोष्ट आपण विसरतो. त्या वेळचे खटले मोठे होते. आईबापांत वाजले की पोर उठून आजीच्या वाकळेत शिरत असे. चुलती त्याला ताट वाढी, चुलता खांद्यावर घालून मळ्यात नेई. आईबापांचे न पटणे हा त्याच्या जगाचा एक कोपरा होता, सगळे जग नव्हते. आता वाटण्या झाल्या. जो तो आपल्या रानात दोन खोल्या बांधून राहायला गेला. गावापासून वस्ती दीड-दोन किलोमीटर, शेजार म्हणाल तर पलीकडच्या बांधाला. रात्री त्या दोन खोल्यांत माणसे चारच. तिथे मोठ्याने बोललेले तर पोराला ऐकू येतेच, न बोललेलेही येते. आजीच्या काळचे उत्तर आजच्या घराला जसेच्या तसे बसत नाही ते यामुळे.

आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. त्या सांगत होत्या, शाळा सुटल्यावर वर्ग झाडायला रोज एक मुलगा थांबायचा. पाळी कुणाचीही असो, झाडू त्याच्या हातात. बाईंना वाटले, गुणी मुलगा. महिन्याभराने कळले की घरी दिवेलागणीपर्यंत कोणी ना कोणी ओरडत असते, म्हणून तो घरी जाणे लांबवतो. अभ्यासात मागे नव्हता, कुणाशी भांडत नव्हता. अशी मुले पुष्कळदा ओळखू येत नाहीत.

आता आमच्या आळीतलीच गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पण गोष्ट खरी आहे. एका मावशींनी बावीस वर्षे संसार ओढला. नवरा तिरसट, घालूनपाडून बोलणारा. चार माणसांत त्यांचा पाणउतारा करायचा. "लेकरांसाठी सोसते" हे त्यांचे पालुपद. थोरल्या मुलीची सोयरीक जमत आली तेव्हा मुलीने हात जोडून सांगितले, मला अजून शिकायचे आहे. मावशी उसळून म्हणाल्या, "तुझ्यापायी मी जन्म जाळला आणि तू मला हे दिवस दाखवतेस?" मुलगी गप्प बसली. लग्न झाले. पुढे काही वर्षांनी ती माहेरपणाला आली असताना आमच्या ओट्यावर बसून म्हणाली, "काका, लहान असताना मी रोज हिशेब करायची. मी झाले नसते तर आई निघून गेली असती, सुखी झाली असती. म्हणजे सगळं माझ्यामुळं. मग मी मागायचंच सोडलं. नवा फ्रॉक नको, सहलीला जायचं नको. तरी ते कर्ज फिटलं नाही."

हे ऐकल्यापासून "लेकरांसाठी" हा शब्द मी जपून वापरतो. आईने सोसले, ते मायेने सोसले, यात शंका नाही. पण तिने त्याची पावती पोरीच्या नावाने फाडली. सोसायटीचे कर्ज निदान आपण सही करून घेतो. हे कर्ज पोराच्या माथी न विचारता बसते आणि जन्मभर व्याज चालू राहते.

बाहेर यावर अभ्यासही झाले आहेत. अमेरिकेतले अमॅटो आणि बूथ या दोन संशोधकांनी अनेक कुटुंबांचा कित्येक वर्षे माग ठेवून १९९७ साली पुस्तक लिहिले. ज्या घरात सतत कडाक्याची भांडणे, तिथे आईबाप वेगळे झाल्यावर मुले सावरली. ज्या घरात तसे मोठे भांडण नव्हते, नुसता जीव उडाला होता, तिथे मात्र वेगळे होण्याने मुलांचे नुकसान झाले. अमेरिकेतली घरे आणि आपली वस्तीवरची घरे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, म्हणून हे जसेच्या तसे उचलू नये. पण आपल्या गावात डोळे उघडे ठेवून पाहिले तर मलाही साधारण असेच दिसते.

म्हणून आधी हे पाहावे, की पोर रोज काय बघते आहे. मारहाण बघत असेल, दारू पिऊन आलेल्या बापाच्या गाडीचा आवाज ओळखून पांघरुणात तोंड लपवत असेल, तर तिथे "पोरांसाठी राहा" म्हणणाऱ्याने एक रात्र त्या घरात झोपून दाखवावे. अशा भगिनीने थांबू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी नांदते घर ते तिचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे, १८१ या क्रमांकावर फोन करावा. निघून जायचे की मारणाऱ्याला आवरायचे, हे तिने ठरवावे.

पण पत्रातल्यासारखी घरे जास्त. मार नाही, व्यसन नाही, नुसता गारठा. इथे मी चटकन "जा" म्हणणार नाही. अशा घरात अजून दुरुस्तीला जागा असते. मात्र दुरुस्ती न करता नुसते पडून राहणे म्हणजे पडीक रान कसल्याशिवाय पिकेल म्हणून वाट बघणे आहे. गावात तंटामुक्ती समिती असते, पोलीस ठाण्याशी जोडलेली समुपदेशन केंद्रे असतात. तिथे जरूर जावे. एक सांगून ठेवतो. मी पाहिलेल्या एका बैठकीत पाच पुरुष पान खात बसले होते आणि बाईला "घे गं जमवून" म्हणून अर्ध्या तासात मोकळे झाले. त्याला तंटा मिटवणे म्हणत नाहीत. दोघांचे वेगवेगळे ऐकून घेणारा माणूस शोधावा. तो मामा असेल, निवृत्त मास्तर असतील, एखादी आशाताई असेल.

आता थोडे अवघड बोलतो, राग मानू नका. "लेकरांसाठी राहिले" हे वाक्य जरा खरवडून पाहिले तर खाली पुष्कळदा दुसरेच निघते. "जायला जागा नाही म्हणून राहिले." त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण ते निदान स्वतःशी कबूल करावे, म्हणजे त्याचे ओझे पोरावर जात नाही, आणि त्यावर उपायही सुचतो. बाईच्या नावावर सातबारा नाही, पीक तिने काढले तरी पट्टी नवऱ्याच्या खात्यात जमा. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली होती. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर आहे, ती घरात राहिली तर राहायचे म्हणून राहते. तिच्या राहण्याला किंमत असते, नवऱ्यालाही ती कळते.

आणि काही धमक्या आहेत, त्या पोकळ आहेत हे माहीत असावे. "गेलीस तर पोरांना एक गुंठा मिळणार नाही." हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्माने असतो, आणि २००५ पासून देशभर मुलीचाही. आपल्या महाराष्ट्राने तर ते १९९४ सालीच केले होते. आई कुठे राहते यावर तो हक्क अवलंबून नाही. बापाने स्वतः कमावलेल्या जमिनीचे मात्र तसे नाही, ती तो कोणालाही देऊ शकतो. दुसरी धमकी, "पोरं ठेवून जा." हिंदूंसाठीच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ राहते. पुढे न्यायालय मुलाचे हित बघते, बापाचे कूळ बघत नाही. पोटगी बायकोला मागता येते तशी मुलांनाही. पूर्वी १२५ कलम म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झाले. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. आणि स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या घेऊन, पंचांचे अंगठे घेऊन केलेल्या सोडचिठ्ठीवर विसंबू नका. जातीत तशी जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच ती टिकते. दोघांची संमती असेल तर रीतसर घटस्फोटाचा रस्ता १९७६ पासून मोकळा आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असले म्हणजे अर्ज करता येतो.

बंधूंनो, हे सदर बायकांचे म्हणून पान उलटू नका. "पोरांसाठी थांबलोय" हे पुरुषही म्हणतो. त्याच्या मनात वाटणीची धास्ती असते, पोटगीची असते, भावकीत हसे होईल याची असते. तेही खरवडून पाहावे. वेगळे व्हायचे ठरलेच, तर बैलजोडी वाटतात तशी एक पोर तुला, एक मला, अशी वाटणी करू नये. बहीणभावाला एकमेकांचाच आधार उरलेला असतो, तोही आपण तोडतो.

आता त्या भगिनीला उत्तर. ताई, राहू का जाऊ हे मी इथे बसून सांगणार नाही. तुमच्या घरात अजून कोणी कोणाला मारलेले नाही, म्हणून घाई नको. पण एक काम आजच करा. मुलीची निरोप्याची नोकरी बंद करा. ताट वाढले की तुम्ही स्वतः सांगा, "जेवायला या." दोनच शब्द. ते उत्तर देणार नाहीत कदाचित. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. खताच्या पैशाचे त्यांनी तुम्हाला विचारावे, पोरीला नको, हे त्यांच्या कानावर घाला. दिवाळीपर्यंत एवढेच करून बघा, आणि तोवर तुमच्या नावाचे बँकेचे खाते काढा. दादांनी हे वाचले असेल तर त्यांनीही मला लिहावे. त्यांची बाजू मी ऐकलेली नाही.

आणि पुढचे पत्र तुम्ही स्वतः लिहा. अक्षर वेडेवाकडे आले, काना-मात्रा चुकल्या, तरी मी लावून वाचीन. मुलीला त्या वेळी खेळायला पाठवा.