त्यांच्याकडेही डबा न्या

आपल्याकडे कुणाची बायपास झाली, कुणाचं मांडीचं हाड मोडलं, की नातेवाइकांना काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू होतात. कुणी मुगाची खिचडी आणतं, कुणी हॉस्पिटलात रात्री झोपायला येतं. त्याच घरातला विशीतला मुलगा स्किझोफ्रेनियाने आजारी पडून मानसोपचाराच्या वॉर्डात दाखल झाला, तर मात्र एकही डबा येत नाही. फोन आलाच तर ‘कळलं हो’ एवढं म्हणून दुसरा विषय निघतो. माणसं काही वाईट नसतात. काय बोलावं ते सुचत नाही म्हणून जाणं लांबतं, आणि चार महिने उलटून गेल्यावर जायची लाज वाटू लागते.

नात्यातलं असं एक घर मी बरीच वर्षं जवळून पाहते आहे. मावशी आणि काका साठीच्या पुढचे, मुलगा तिशीचा. त्याच्या गोळ्या साखरेच्या बरणीमागे ठेवलेल्या असतात, पाणी प्यायला आलेल्या माणसाला दिसू नयेत म्हणून. त्याचा आवाज चढला की मावशी रिकामा मिक्सर सुरू करते. शेजारी ऐकू जायला नको. बाहेर जायचं तर दोघांपैकी एकानेच, त्यामुळे लग्नाला ती दोघं मिळून कधी गेली ते त्यांनाही आठवत नाही. हळदीकुंकवाला मावशी जाते, पण ‘मुलगा काय करतो सध्या?’ हा प्रश्न येण्याआधी वाण पदरात घेऊन उठते. काकांनी संध्याकाळचा कट्टा सोडला, कारण तिथे आता सगळ्यांच्या नातवंडांचे फोटो फिरतात. आजार एकाला झाला आणि एकटं पडलं अख्खं घर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३०० माणसांमागे साधारण एकाला हा आजार असतो. म्हणजे चार-पाच इमारतींच्या सोसायटीत असं एखादं घर असणार. ते कोणतं हे आपल्याला बहुधा माहीतही असतं.

अशा घरांना काय हवं असतं, याचं एक उत्तर आपल्या देशात फार पूर्वी मिळालं आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर काम करत होते. तो काळ असा, की घरचे रुग्णाला दाराशी सोडून जात आणि पुष्कळदा परत फिरकत नसत. विद्या सागरांनी घरच्यांनाच थांबवून घेतलं. आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाची आई, भाऊ, बायको त्याच्याजवळ राहू लागली. डॉक्टर त्यांच्याशी आजाराबद्दल बोलत, त्यांच्या मनातली भीती काढत. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती शेजारच्या तंबूतली दुसरी आई. आपल्यासारखंच कुणाचं तरी चाललंय, आणि त्यांचा मुलगा आता सावरतोय, हे रोज डोळ्यांनी पाहायला मिळणं. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबाला सोबत ठेवून उपचार करण्याची पद्धत रुजवली.

घरच्यांना आधार देणं हा केवळ दयेचा भाग नाही, उपचाराचाच भाग आहे. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने याच सुमारास रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. त्यातून आणि पुढच्या अभ्यासांतून दिसलं, की ज्या घरात सतत टोमणे, राग किंवा श्वास कोंडेल इतकी काळजी असते, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. घरच्यांमुळे आजार होतो असा याचा अर्थ मुळीच नाही, आणि कुणी मावशीसमोर तसं बोललं तर मी ते तिथल्या तिथे तोडते. पण तीन रात्री जागलेली, महिनाभर कुणाशी मनातलं न बोललेली बाई मुलावर खेकसणारच. तिचं मन हलकं करायला कुणी असेल तर त्याचा फायदा थेट मुलाला होतो. घरच्यांना आजार समजावून सांगितला, त्यांचे गट चालवले, की रुग्ण पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण उतरतं, हे नंतर अनेक देशांत पाहिलं गेलं आहे.

पुण्यात हे काम ‘सा’ म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने उभं केलं. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणात त्यांनी हे एकटेपण स्वतः सोसलेलं होतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून आला. आजारी भावाला स्वतःच्या घरी आणणारी त्यातली बहीण पाहून अनेक घरांना प्रथमच आपली गोष्ट पडद्यावर दिसली.

अशाच एका स्वमदत गटाच्या बैठकीला मी मावशीबरोबर गेले होते. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे काही नाही. एक निवृत्त गृहस्थ बोलायला उठले. मुलाने काल आपणहून आंघोळ केली, दाढी केली, एवढंच त्यांनी सांगितलं. सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. बाहेरच्या जगात ही बातमी ते कुणाला सांगणार होते? तिथे ती काय मोलाची आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. चहाच्या वेळी मावशी एका बाईंशी गोळ्यांनी वजन वाढतं त्यावर काय करायचं, यावर तावातावाने बोलत होती. इतकं मोकळं बोलताना मी तिला फार दिवसांनी पाहिलं.

पण गट आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा भरणार. बाकीचे दिवस आपले आहेत, नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे. मोठं काही करावं लागत नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जावं. मावशी-काकांना बँकेत, देवळात, नाटकाला पाठवून आपण दोन तास मुलाजवळ बसावं. त्याच्याशीच बोलावं, तो खोलीत असताना त्याच्याबद्दल आईशी बोलू नये. तो गप्प असेल तर आपणही पेपर वाचत बसावं. पत्रिका देताना त्याचं नाव घेऊन बोलवावं, आणि तो आला तर त्याच्याभोवती घोळका करू नये. एक गोष्ट मात्र कृपा करून करू नये: ‘या गोळ्यांची सवय लागते, बंद करून बघा’ हा सल्ला. त्या एका वाक्याने गेलेली वर्षं मी पाहिली आहेत. फारच अवघड प्रसंग आला तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो. त्यावर मराठीत बोलता येतं, आणि रुग्णाच्या घरच्यांनीही तो लावायला हरकत नाही.

त्या बैठकीत शेवटी जो विषय निघाला तो प्रत्येक बैठकीत निघतो असं मावशी म्हणाली: आमच्यामागे याचं कोण? कायम राहता येईल अशी चांगली निवासी केंद्रं आपल्याकडे फार थोडी, आणि खर्चिक. मग सगळ्यांच्या नजरा वळतात त्या भावाकडे किंवा बहिणीकडे. मावशीची मुलगी नागपूरला असते. लग्न ठरताना भावाचा आजार सासरी सांगायचा की नाही, यावर या घरात महिनाभर वाद झाला होता. तिने हट्टाने सांगितला. आता दिवाळीला ती नवऱ्याला आणि मुलांना घेऊन येते, आणि मुलं मामाशी तासन्‌तास पत्ते खेळतात. यंदा ती आल्यावर मावशी-काका चार दिवस कोकणात जाणार आहेत, दोघं मिळून. गाडीची तिकिटं काढून झाली आहेत, आणि त्या चार दिवसांतल्या दोन दुपारी मी तिच्या भावाजवळ बसणार आहे.