पासबुकातली कटती



कापसाची गाडी काट्यावर चढली की मापाऱ्याच्या हातावरून आपली नजर हलत नाही. हमाली किती, तोलाई किती, ओलाव्याच्या नावाने व्यापारी कटती किती मारतो, यावर भांडण होते. व्हायलाच पाहिजे. एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्यातून चढउतार निधी, भांडवल निधी अशा नावांनी कपात होई, तेव्हा "हा पैसा कोणाचा?" हे विचारायला वऱ्हाडातला शेतकरी शिकला. तोच शेतकरी बँकेच्या खिडकीसमोर पासबुक छापून घेतो, शेवटची ओळ पाहतो आणि घरी येतो.

बैठकीत पासबुके उघडली की प्रश्न हमखास निघतो: हे २० रुपये कशाचे? हे ४३६ कशाचे? नोंद इंग्रजी आद्याक्षरांत. मे महिन्याच्या अखेरीस, नेमकी बियाण्याला पै-पै जमवतो तेव्हाच कापलेली.

ही दोन विम्यांची वर्गणी आहे. २० रुपये सुरक्षा विम्याचे, ४३६ जीवन ज्योतीचे. २०१५ मध्ये योजना आल्या तेव्हा १२ आणि ३३० होते. जून २०२२ पासून वाढले. संमती असल्याशिवाय बँकेला हे पैसे कापता येत नाहीत. पण पीककर्जाच्या गठ्ठ्यावर आपण दहा-वीस सह्या करतो, त्यातली एक ही असू शकते. म्हणून आधी सहीचा कागद दाखवा म्हणावे. कागद नसेल तर पैसे परत मागावेत. दोन बँकांत खाती असतील आणि दोन्हीकडून कपात होत असेल तर एक बंद करावी. माणसाला विमा एकदाच मिळतो, वर्गणी दोनदा भरली तरी.

मात्र रागाच्या भरात सगळेच बंद करू नका. त्या २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये आहेत. साप चावून गेला, झाडावरून पडून गेला तरीही, दवाखान्याची नोंद असली की. ४३६ च्या विम्यात मृत्यूचे कारण कोणतेही असो, २ लाख वारसाला. (आम्ही सरकारी योजनांचे भाट नाही, हे वाचकांना सांगायला नको.) आमचे म्हणणे इतकेच, की पैसे आपले कापले गेले, मग दावाही आपलाच. घरच्यांना विमा होता हेच ठाऊक नसेल तर दावा करणार कोण?

पीक विम्याचीही तीच गत. २०२० च्या खरिपापासून कर्जदारालाही तो ऐच्छिक आहे. पण नको असेल तर मुदतीच्या किमान ७ दिवस आधी लेखी द्यावे लागते. गप्प बसलात तर कपात होणार. राज्याची एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपात बंद झाली. आता कापसाला संरक्षित रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, खरीप ज्वारीला २ टक्क्यांपर्यंत. रक्कम लहान नाही.

तिसरा प्रकार पोरांच्या फोनमधला. एखादे अॅप एक रुपयात घेतले, 'ऑटोपे'ला होकार दिला, आणि दर महिन्याला बापाच्या खात्यातून शेकड्याने जाऊ लागले. पैसे ज्या अॅपवरून देता त्यातच ऑटोपेची यादी असते. तिथून रद्द करता येते. अॅप नुसते फोनमधून काढल्याने कपात थांबत नाही.

आणि जी रक्कम आपण, पोराने, कोणीच दिलेली नाही, तिच्यासाठी आठवडी बाजाराची वाट पाहू नका. त्याच दिवशी बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याने लुबाडले असेल, तर ३ कामकाजी दिवसांत कळवणाऱ्यावर तोटा टाकायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवले. ओटीपी आपणच सांगितला असेल तर गोष्ट वेगळी.

तक्रार तोंडी करू नका. साहेब "बघतो" म्हणतात, आणि बदलून जातात. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नाही.

पुढच्या तालुका बैठकीला वर्षभराच्या नोंदी छापलेले पासबुक घेऊन या. घरातले कोणी नुकतेच गेले असेल, तर त्यांचेही आणा.