गाडी लोहारांना थांबायला जागा द्या

होळी झाली की आमच्या गावात गाडी लोहार येतात. गाडी हेच त्यांचे घर. ते भाता लावून वखराची पास, विळे, कुऱ्हाडी पाजवून देतात. सगळ्यांचे काम होते.

पण काम झाले की लोक म्हणतात, "आता गाड्या हलवा!" गाड्यांमुळे एसटीला अडचण होते, बैल वावरात शिरतात, ठिणगी कुटाराच्या ढिगावर उडेल अशी भीती वाटते. हे काही खोटे नाही. रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार 1958 च्या कायद्याने ग्रामपंचायतीला आहे.

पण नुसते हाकलून काय होणार? ते पुढच्या गावच्या रस्त्यावर थांबतील. माझ्या मते ग्रामपंचायतीने गावाबाहेर एक जागा ठरवून द्यावी. तिथे पाणी असावे. ती रस्ता आणि कुटारापासून दूर असावी. किती दिवस राहायचे तेही आधीच सांगावे.

त्यांची मुले दिवसभर गाडीजवळच असतात. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिकायचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला आहे. गाड्या थांबल्या तर ती मुले सकाळच्या शाळेत येतील. आमच्या सतरंजीवर जागा आहे. पालकांनी हे ग्रामसभेत बोलावे, ही विनंती.

— इयत्ता चौथी