रंग झाडाचा, हिशेब आपला

चीवर कसे रंगवावे याविषयी विनयपिटकाच्या महावग्गात जे नियम आहेत, ते आजच्या रंगाऱ्यालाही उपयोगी पडावेत इतके व्यवहारी आहेत. शेण व पिवळी माती यांनी रंगविलेली चीवरे विटकी दिसू लागली, तेव्हा भगवान बुद्धांनी मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ अशा सहा रंगांना अनुमती दिली. रंग शिजला की नाही, हे त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावे, इतका बारकावाही तेथे आहे.

म्हणून नैसर्गिक रंगांचा विचार आम्हांस परका नाही. मात्र नैसर्गिक ते सारे निर्दोष, ही समजूत आम्हांस मान्य नाही. सांगलीच्या हळदीचा एवढा लौकिक, पण तिने रंगविलेले कापड उन्हात झपाट्याने फिके पडते. मंजिष्ठेचा तांबडा टिकतो, परंतु त्यासाठी वेलीचे मूळच खणावे लागते. निळीचे तर विचारूच नये. चंपारणच्या शेतकऱ्याला बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन निळीसाठी द्यावे लागत. रंग झाडाचाच होता.

सातारा-सांगलीत आधी टाकाऊ वस्तूंकडे पाहावे. आटपाडीच्या डाळिंबांची साल आणि लोणंदच्या कांदाबाजारातील टरफले यांपासून पिवळ्या ते तांबूस छटा मिळतात. सुती कापड मात्र सहजासहजी रंग धरीत नाही. खळ जाईपर्यंत ते धुवावे, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवावे. हिरड्यातील टॅनिन धाग्यावर बसते, त्यावर तुरटी बसते आणि तुरटी रंगाला धरून ठेवते. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात काही आठवडे मुरविले, तर हिरड्याचे तेच कापड काळे होते. तुरटीच्या जागी क्रोमियमची लवणे आणली, की सांडपाण्यात विष आलेच.

शिकलेल्या पोरांना पुन्हा रंगाच्या कढईपाशी का बसवायचे, असे काही पालक विचारतात. हा आक्षेप हलका नाही. जन्माने लादलेली कामे सोडा, असे बाबासाहेबांनीच सांगितले. पण जातीने कामांची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली, हे १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी दाखविले. त्यांचा राग श्रमावर नव्हता. म्हणून ही कढई शाळेत यावी ती रसायनशास्त्राच्या तासाला, सर्व मुलामुलींसाठी. आणि पुढे कोणी त्यातून धंदा उभारला, तर हिशेबाची वही त्याच्याच हाती असावी.

विट्याच्या मागांवरचे सारे कापड सालींनी रंगणार नाही. रोज धुतला जाणारा गणवेशही त्यात घालू नये. पिशव्या, दुपटी आणि कठिन चीवरदानाचे वस्त्र एवढे मात्र नक्की रंगेल. साल फुकट मिळाली, तरी तुरटी, सरपण व पाणी यांना खर्च आहे. तो स्नेहसंमेलनाच्या निधीतून माजी विद्यार्थ्यांनी उचलावा आणि यंदाच्या वर्षावासाअखेर, विहिरीला भरपूर पाणी असताना, पहिली कढई चढवावी, असे आम्ही सुचवितो.