जोडयाद्यांची चाल

आमच्या मुदखेडाच्या स्टेशनांतून आदिलाबादचा फांटा फुटतो. वेळापत्रकांत गांवाचें नांव एका रकान्यांत व गाडीची वेळ दुसऱ्यांत असते. त्यांतील एकच रकाना चार ओळी सरकला, तर उतारूची गाडी चुकलीच म्हणावयाची. घरच्या संगणकावर असाच प्रसंग आमच्यावर आला, तो या महिन्यांत सांगतों.

आमच्या नातवानें पायथन भाषेंत श्राद्धतिथींचा तक्ता सिद्ध केला : डावीकडे पूर्वजांची नांवें, उजवीकडे तिथि. आम्हीं डाव्या यादीवर माउसचें चाक फिरविलें. नांवें वर गेलीं, तिथि जागच्या जागीं राहिल्या. निःसंतान धाकट्या चुलत्यांसमोर माघ वद्य नवमी दिसली व तीच आम्हीं गुरुजींस कळविली. आक्का म्हणाली, "अरे, त्यांची पंचमी. नवमी ती थोरल्या काकांची." त्या दिवशीं तृतीया होती! त्यांस पिंड देणारें आमच्यावांचून दुसरें कोणी नाहीं.

मग नातवासह कारण शोधावयास बसलों. जॉन आउस्टरहाउट यांनीं बर्कले येथील विद्यापीठांत 1988 सालीं टिकल भाषा रचण्यास आरंभ केला. तिच्याच जोडीचा टीके हा संच पायथनमध्यें टीकिंटर या नांवानें वापरतात. सरकपट्टी ओढली असतां दोन्ही याद्यांस आज्ञा जावी, एवढें नातवानें केलें होतें. परंतु चाकाची वार्ता ज्या यादीवर तें फिरतें तिलाच पोंचते. यादी हलली कीं आपला दिसणारा भाग कोठून कोठवर आहे, हें ती 0 ते 1 मधील दोन अपूर्णांकांनीं सरकपट्टीस कळविते. त्यांतील पहिला अपूर्णांक दुसऱ्या यादीसहि कळविला, आणि दोघी एका चालीनें चालूं लागल्या.

मात्र हिशेब अपूर्णांकांचा असल्यानें दोन्हींकडील ओळींची संख्या, अक्षराचा आकार व यादीची उंची सारखी हवी. तिथि अज्ञात असल्यास ओळ गाळूं नये, कोरी ठेवावी. अनेक रकान्यांची ओळच अखंड ठेवणारा ट्रीव्ह्यू टीकेच्या 2007 मधील 8.5 आवृत्तीपासून मिळतो. नवें काम त्यांतच करणें श्रेयस्कर.

पंचमीस श्राद्ध यथासांग झालें. यंत्राचा दोष नातवानें दूर केला. न ताडतां विश्वास ठेवण्याचा दोष आमचा होता. म्हणून आतां आक्काजवळ बसून एकेक तिथि ताडून घेत आहों. ज्यांच्या घरीं अशी आक्का आहे, त्यांनीं विलंब करूं नये.