दानाची पावती आणि हिशेबाचा कागद

काही महिन्यांपूर्वी आमच्या महाविद्यालयात दोन तरुण आले होते. मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका संस्थेचे ते प्रतिनिधी. त्यांच्याजवळ छायाचित्रांचा एक संग्रह आणि बँकेच्या खात्यातून दरमहा पाचशे रुपये परस्पर वळते करण्याच्या संमतिपत्राचे कोरे नमुने होते. कार्यालयातील एका ज्येष्ठ लिपिकांनी पहिलेच छायाचित्र पाहून सही केली. प्रस्तुत लेखकाने संस्थेचा मागील वर्षाचा ताळेबंद पाहावयास मिळेल काय, अशी पृच्छा केली, तेव्हा ते तरुण गोंधळले. पण खरा रोष प्रकट झाला तो लिपिकमहाशयांचा. "सर, अनाथ लेकरांच्या कामात कसला हिशेब मागता?" असे ते म्हणाले.

या प्रश्नामागील सद्भावनेविषयी शंका नाही. तथापि हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही आपल्याकडील समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. सद्हेतू हा हिशेबाला पर्याय होऊ शकत नाही, हे सांगणारे एक उदाहरण इंग्लंडात घडले आहे.

लंडनमध्ये १९९६ साली कमिला बॅटमंगेलिज या बाईंनी 'किड्स कंपनी' ही संस्था स्थापन केली. घरच्या छळाने आणि दारिद्र्याने रस्त्यावर आलेल्या मुलांना आधार देणे आणि त्यांची बाजू शासनापुढे मांडणे, असे दुहेरी कार्य ती करीत असे. पंतप्रधानांपासून नटनट्यांपर्यंत सर्वांचा तिला पाठिंबा होता. शासनानेही वर्षानुवर्षे मिळून चार कोटी पौंडांहून अधिक रक्कम तिला दिली. मात्र आलेला पैसा तत्काळ खर्च होई. अडचणीच्या काळासाठी राखीव निधी म्हणून जवळजवळ काहीच शिल्लक नसे. २०१५ च्या जुलैमध्ये आणखी तीस लाख पौंड देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा संबंधित सचिवांनी लेखी आक्षेप नोंदविला. मंत्र्यांनी तो बाजूस सारून रक्कम दिली, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ऑगस्टच्या प्रारंभी, संस्था बंद पडली. सुमारे ३६ हजार लोकांपर्यंत आपण पोहोचतो, असा तिचा दावा होता. प्रत्यक्षात स्थानिक प्रशासनाकडे सोपविण्यात आलेल्या नोंदी दोन हजारांच्याही आत भरल्या.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. संस्थेवर त्या सुमारास झालेल्या गंभीर आरोपांच्या पोलीस चौकशीतून काहीही निष्पन्न झाले नाही. विश्वस्तांना अपात्र ठरविण्याची मागणी २०२१ साली तेथील उच्च न्यायालयाने फेटाळली. पैसा कोणी खाल्ला, असे कोणत्याही चौकशीत आढळले नाही. परंतु संसदीय समितीने २०१६ मध्ये विश्वस्तांच्या देखरेखीवर कठोर टीका केली, आणि धर्मादाय आयोगाने २०२२ मध्ये कारभारातील गैरव्यवस्था अधोरेखित केली. अप्रामाणिकपणा नसतानाही संस्था बुडू शकते, आणि बुडते तेव्हा तिच्या दारात उभी असलेली मुलेच प्रथम उघड्यावर पडतात. तेव्हा हिशेब हा चोर पकडण्यापुरता नसतो. उद्याही दार उघडे राहील किंवा नाही, हे त्यावरून कळते.

आपल्याकडे कायद्याची वाण नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार महाराष्ट्रातील प्रत्येक नोंदणीकृत न्यासाने लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयास सादर करावयाचे असतात. अनुसूची आठमध्ये ताळेबंद आणि अनुसूची नऊमध्ये उत्पन्न-खर्चाचे पत्रक, असे त्यांचे नमुनेही ठरलेले आहेत. आयकराच्या सवलतीसाठी निराळी विवरणे आहेत, परदेशी देणग्यांसाठी निराळा कायदा आहे. असे असूनही २०१५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलेल्या माहितीनुसार, देशातील नोंदणीकृत संस्थांपैकी वार्षिक विवरण सादर करणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. कायदा पुस्तकात राहतो, याचे कारण ज्याच्यासाठी तो केला तो देणगीदार कधी विचारीतच नाही.

आणि विचारतो तेव्हा बहुधा चुकीचा प्रश्न विचारतो. "शंभरांतले किती रुपये मुलांपर्यंत पोहोचतात?" हा तो प्रश्न. अन्नछत्राच्या बाबतीत तो काहीसा योग्य ठरेल. परंतु हक्कांची पैरवी करणाऱ्या संस्थेचे काम वह्या-गणवेश वाटण्याचे नसते. शाळाबाह्य मुलांची पाहणी करणे, बालमजुरीच्या प्रकरणात न्यायालयात उभे राहणे, शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याची गावोगावी अंमलबजावणी होते किंवा नाही हे पाहणे, हे सारे माणसांचे काम आहे. या कामात कार्यकर्त्याचे वेतन आणि त्याचे एस.टी.चे भाडे हाच मुख्य खर्च. त्याला 'वरकड' म्हणून नाक मुरडणे म्हणजे शिक्षकाच्या वेतनाला शाळेचा अपव्यय म्हणण्यासारखे आहे. परदेशी देणग्यांतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. त्यामागील हेतू समजण्यासारखा असला, तरी टक्केवारीचा धाक घातला की हिशेबनीसाचा पगार निराळ्या रकान्यात टाकण्याची कला संस्था लवकर आत्मसात करतात. शिवाय काटकसरीच्या नावाखाली पहिला बळी जातो तो लेखापालाचाच. म्हणजे ज्याच्याकडून हिशेब मिळावयाचा, तोच कमी होतो.

मग विचारावयाचे काय? विश्वस्त कोण आहेत, आणि त्यांत संस्थापकाच्या घरचे किती? देणग्या उद्या थांबल्या तर किती महिने काम चालेल? उत्पन्नाचा किती भाग एकाच दात्याकडून किंवा शासनाकडून येतो? निधी गोळा करणाऱ्या मंडळींना किंवा एजन्सीला किती मोबदला दिला जातो? आणि गेल्या वर्षी जे करू म्हणून सांगितले, त्यांतले काय झाले व काय झाले नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जी संस्था अपयशासकट देते, ती सामान्यतः विश्वासास पात्र समजावी. पैरवीचे फळ एका वर्षात दिसत नाही, हे मान्य. पण पेरणी कोठे झाली, एवढे तरी सांगता आले पाहिजे.

प्रत्येक संस्थेने या पाच प्रश्नांची उत्तरे एका पानावर, सोप्या मराठीत छापून पावतीसोबत द्यावीत, आणि धर्मादाय कार्यालयाने न्यासांचे लेखापरीक्षित हिशेब अर्जविनंतीशिवाय कोणासही पाहता येतील अशी व्यवस्था करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. यात कोणा संस्थेचा उपमर्द नाही. उलट ज्या प्रामाणिकपणे काम करतात, त्यांना छायाचित्रांच्या बळावर निधी जमविणाऱ्यांपासून वेगळे ओळखण्याचे तेच एक साधन आहे.

आमच्या लिपिकमहाशयांची दरमहाची वर्गणी चालू आहे, आणि ती त्यांनी बंद करावी असे कोणी म्हणणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या दानाचा हिशेब ठेवायला त्यांचे कायदेपंडित असतात. या पाचशे रुपयांचा हिशेब विचारणारे मात्र ते स्वतःच आहेत, आणि ज्या मुलांसाठी ते देतात, त्यांना तर विचारण्याची सोयच नाही. त्यांच्या वतीने विचारणे हा दात्याचा केवळ अधिकार नव्हे, दानाचाच तो उरलेला अर्धा भाग आहे.