काका ‘अहो’ म्हणाले की समजावं!

घरमालक भाडं कधीच मागत नाहीत. निदान आमच्या नाशिक रोडला तरी नाही. सहा तारखेला ते विचारतात, ‘काय रे, आहेस ना गावात?’ आठ तारखेला जिन्यात भेटतात, ‘पाणी नीट येतंय ना?’ दहा तारखेला, ‘तुमच्या कंपनीत पगार कुठल्या तारखेला होतो म्हणालास?’ तिन्ही प्रश्नांचा अर्थ एकच. आणि तरीही तुम्ही ‘हो काका, पाणी मस्त आहे’ म्हणून वर सटकलात, तर बारा तारखेला फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, ‘अहो, जरा बोलायचं होतं.’

झालं! परवापर्यंत ‘अरे’ होतात, आज ‘अहो’ झालात. बॉस, हे प्रमोशन नाहीये.

मी गेल्या नऊ वर्षांत इथे चार घरं बदलली. जेल रोड, जय भवानी रोड, दत्त मंदिर आणि आता उपनगरच्या अलीकडे. चारही मालक वेगळ्या स्वभावाचे, पण ‘अरे’ ते ‘अहो’ हा प्रवास सगळीकडे सेम. इथल्या मालकांची एक खासियत आहे. बरेचसे नोकरीतून रिटायर झालेले. कुणी नोटांच्या प्रेसमधून, कुणी रेल्वेतून, कुणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून. फंडाचे पैसे आले, त्यातून दुसरा फ्लॅट घेतला, तो भाड्याने दिला. आपल्याला ते ‘लँडलॉर्ड’ वाटतात. त्यांच्या हिशेबात मात्र तुमचे बारा हजार म्हणजे काकूंची औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स आणि नातवाच्या वाढदिवसाची सायकल. उभी हयात नोटा छापण्यात घालवलेला माणूस पाच तारखेला मोबाइल हातात धरून जीपेच्या ‘टिंग’ची वाट बघत बसतो, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलंय.

इकडे आपली बाजू. सातपूर, अंबड, सिन्नर, नाहीतर कॉलेज रोडचं एखादं ऑफिस. पगार एक तारखेला होतो असं ऑफर लेटरमध्ये असतं. प्रत्यक्षात कधी सात, कधी अकरा, आणि कंपनीची तब्येत बिघडली की ‘धिस वीक फॉर शुअर’. मग आपण काय करतो? काकांचा फोन सायलेंटवर टाकतो. जिना उतरताना चपलांचा आवाज होऊ देत नाही. व्हॉट्सअॅपचं ‘लास्ट सीन’ बंद! माझं स्पष्ट मत आहे की उशीर झाला म्हणून मालक बिथरत नाही, तो या शांततेला बिथरतो.

त्याला कारणही आहे. जुन्या नाशकातले वाडे आठवा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मूठभर रुपयांत राहिलेली बिऱ्हाडं आणि कोर्टात म्हातारे झालेले वाडामालक, या गोष्टी प्रत्येक काकांनी लहानपणी ऐकलेल्या असतात. १९४७चा मुंबई भाडे कायदा भाडेकरूच्या बाजूने इतका झुकलेला होता की ‘भाडेकरू एकदा बसला की उठत नाही’ ही म्हण नसली तरी म्हणीसारखी झाली. आता तो कायदा नाही. ३१ मार्च २०००पासून १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. पण भीती काही कायद्याबरोबर रद्द होत नाही ना!

त्या भीतीतूनच आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा तो अकरा महिन्यांचा करार आला. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिने लिहायचे, नोटरीकडे शिक्का मारायचा आणि मोकळं व्हायचं, असा हा देशी फंडा. गंमत अशी की महाराष्ट्रात तो चालतच नाही. या कायद्याच्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं असो की तीन महिन्यांचं, ते लेखी हवं आणि नोंदणीकृत हवं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठी मेख पुढेच आहे. नोंदवलेला कागदच नसेल, तर भाडं किती आणि अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आता हिशेब करा. बारा हजार भाडं, छत्तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क पाव टक्का, नोंदणी फी हजार, वर किरकोळ. दोन हजारांच्या आत सरकारी काम उरकतं, तेही घरबसल्या ऑनलाइन. एवढे वाचवायला जाऊन काका सगळे पत्ते भाडेकरूच्या हातात देतात. आणि रात्री झोप लागत नाही म्हणतात.

कागद पक्का असला की मात्र चित्र पालटतं, आणि हे आपल्यासारख्यांनी नीट समजून घ्यायला हवं. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत ‘भाडेकरू’ नसतोच, तो परवानगीने राहणारा असतो. जुन्या पद्धतीच्या भाडेकरूला थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते, मग ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकलेलं भाडं १५ टक्के व्याज आणि खर्चासह भरलं, तर त्याला त्या कारणावरून काढता येत नाही. आपल्याला एवढी मुभा नाही. कराराची मुदत संपली आणि आपण हललो नाही, तर मालक कलम २४खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समन्स आल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन लढायची परवानगी मागायची, नाहीतर मालकाचं म्हणणं मान्य झालं समजा. आणि जितके दिवस जास्त बसाल, तितक्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे. बारा हजारांचं घर चोवीस हजारांना पडतं राव!

पण मधल्या काळात मालकाने काय करायचं नाही, तेही ठरलेलं आहे. माझ्या एका दोस्ताची गोष्ट सांगतो. जेल रोडला वन बीएचके, डिपॉझिट तीन महिन्यांचं. त्याच्या कंपनीने दोन महिने पगारच दिला नाही. काका ‘अहो’वर आलेच होते, पण त्यांचा मुलगा त्याहून पुढे गेला. ‘तो ऑफिसला गेला की कुलूप बदलू. नाहीतर नळ बंद करू, आपोआप जाईल.’ काकांनी नशिबाने आधी ओळखीच्या वकिलांना विचारलं. वकिलांनी सांगितलं की भाडेकरूचं पाणी-वीज तोडायला या कायद्यात सरळ बंदी आहे आणि सामान बाहेर काढायचं असेल तर हातात आदेश हवा. मुलाचं डोकं गरम आहे म्हणून कुलूप बदलता येत नाही. उलट पोलिसात तक्रार तुमच्याच नावाने जाईल.

दरम्यान, दोस्ताने एक शहाणपणा केला. त्याने लपाछपी थांबवली आणि काकांना मेसेज टाकला. ‘पगार दोन महिने झालेला नाही. पाच हजार आज पाठवतोय. बाकीचे २० तारखेपर्यंत, न जमल्यास डिपॉझिटमधून वळते करा, करार संपताना मी हिशेब मान्य करीन.’ बस्स. चार ओळी. काकांचा फोन आला आणि पहिला शब्द होता, ‘अरे’. मेसेजचा आणखी एक फायदा असा की तो दोघांकडेही लेखी राहतो. जिन्यात झालेलं बोलणं पुढच्या महिन्यात दोघांना वेगवेगळं आठवतं.

पैसे फिटले, कुलूप तेच राहिलं. पण पिक्चर अभी बाकी होता. मे महिन्यात करार संपायला आला आणि काका गोड आवाजात म्हणाले, ‘बाळा, राहिला असतास रे, पण मुलगा येतोय पुण्याहून.’ दोस्त गेला. जूनमध्ये त्या घरात बँकेतली दोन पोरं राहायला आली. काकांचा मुलगा आजही पुण्यातच आहे.

मंडळी, आपल्या शहरातली खरी बेदखली ही अशी असते. नोटीस नाही, कोर्ट नाही, प्राधिकारी नाही. अकरावा महिना असतो आणि पुण्याहून येणारा एक मुलगा असतो. उशिरा भाडं भरणाऱ्याला मालक काढत नाही, तो त्याचा करार ‘रिन्यू’ करत नाही. त्याविरुद्ध कुठे दाद नाही, कारण मुदत संपलेली असते. म्हणून मी म्हणतो, पगार अडकल्याचं कळेल त्याच दिवशी सांगा, पाच तारखेच्या आधी सांगा. अकराव्या महिन्याचा निर्णय काका सहाव्या महिन्यातच घेऊन बसलेले असतात.

याला एकच मोठा अपवाद माझ्या बघण्यात आला, तो २०२०चा. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सांगितलं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. माझ्या तेव्हाच्या घरमालकीण काकूंना मी ती बातमी दाखवली. पगार अर्ध्यावर आलेला होता. काकूंनी चष्मा लावून अख्खी बातमी वाचली आणि म्हणाल्या, ‘मी थांबते रे. पण माझ्या किराणावाल्याला पण असंच कुणीतरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.’ त्या महिन्यात मी त्यांना अर्धं भाडं दिलं आणि त्यांनी मला डबा. पुढाकार कुणाचा, ते आता आठवत नाही.

राहता राहिला प्रश्न डिपॉझिटचा. २०२१ साली केंद्राने केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच उपयोग. आपल्याकडे अजून सगळं बोलीवरच. आणि घर सोडताना ‘रंगकाम’ या नावाखाली त्यातून काय काय कापलं जातं, भिंतीवरच्या एका खिळ्याचे किती होतात, याचं दरपत्रक माझ्याकडे तयार आहे. ते पुढच्या आठवड्यात.